बीकर तापवताना मधली जाळी नक्की काय करते?

निळी_ज्योत
नमस्कार मंडळी. पहिल्या वर्षाच्या मुलांची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेते मी, आणि परवापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून हा धागा काढतेय. तिवई, तिच्यावर तारेची जाळी, जाळीवर बीकर आणि खाली बर्नर, ही मांडणी आपण सगळे इतकी वर्षं करत आलोय की जाळी का ठेवायची हे कुणी विचारतच नाही. परवा एका मुलीने विचारलं. मी नेहमीचं उत्तर दिलं, उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि काच तडकत नाही. त्यावर ती म्हणाली, "पण मॅडम, मधला पांढरा गोल सिरॅमिकचा आहे ना? सिरॅमिक तर उष्णता नीट वाहू देत नाही. मग तो पसरवतो कशी?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "बीकर बोरोसिलिकेटचा आहे, तो तापवायलाच बनवलाय, मग जाळी काढूनच टाकली तर काय होईल?"

खरं सांगते, पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिला म्हटलं पुढच्या आठवड्यात सांगते. तर ज्यांनी प्रयोगशाळेत हात काळे केलेत त्यांनी लिहा. तुमच्याकडे जाळीशिवाय काय काय झालंय तेही लिहा.

बुडबुडा
दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर: १०० मिलिलिटरचा बीकर तिवईच्या कड्यातून सरळ बर्नरवर येऊन बसेल :)

गंमत सोडा, पण हे खरंच जाळीचं पहिलं काम आहे. सपाट, न डगमगणारी बैठक. मोठा बीकर कड्यावर कसाबसा टेकतो पण मग त्याचं सगळं वजन काठाच्या तीन-चार बिंदूंवर येतं आणि नेमकं तिथलंच लोखंड तापलेलं असतं.

मंद_आच
छान विषय. वाचतेय.

फुंकणी
मी प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळे फुटलेले बीकर रोज हातात येतात. तडा बघितला की काय झालं असेल ते बहुतेक वेळा कळतं. आपटून फुटलेल्या काचेत एका जागेपासून चांदणीसारख्या रेघा निघालेल्या असतात. तापून तडकलेल्या बीकरचा तडा मात्र वळणं घेत जातो, आणि कितीतरी वेळा अख्खं बूड चकतीसारखं गोल सुटून आलेलं असतं, जसं कुणी कापून काढलंय. त्या चकतीच्या कडेवरून बोट फिरवू नका, ब्लेडसारखी असते.

होतं काय तर काच दाब भरपूर सोसते पण ताण सोसत नाही. ज्योत एका जागी लागली की तेवढाच भाग फुगायला बघतो, आजूबाजूची गार काच त्याला फुगू देत नाही, आणि त्या ओढाताणीत गार भागावर ताण येतो. बोरोसिलिकेटचा फायदा इतकाच की ती फुगतेच कमी. १० सेंटिमीटर लांबीचा तुकडा १०० अंशांनी तापवला तर बोरोसिलिकेट ०.०३३ मिलिमीटर वाढते आणि बरण्या-बाटल्यांची साधी सोडा-लाइम काच साधारण ०.०९ मिलिमीटर. म्हणजे जवळपास पावणेतीन पट फरक. पण कमी फुगते म्हणजे फुगतच नाही असं नाही ना. त्या मुलीला एवढं नक्की सांगा, की काचेला उष्णता मारत नाही, उष्णतेतला फरक मारतो. हीच काच मी माझ्या भट्टीत ५५० अंशांच्या वर नेऊन ठेवतो आणि हळूहळू निववतो, तिला काही होत नाही कारण सगळीकडून सारखी तापते आणि सारखी निवते.

खटपट्या
मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, रागावू नका. आम्ही कित्येक वर्षं २५० चा कॉनिकल फ्लास्क क्लॅम्पमध्ये धरून सरळ ज्योतीवर फिरवत तापवतोय. एकही फुटलेला नाही. जाळी ठेवली की पाणी उकळायला वेळ लागतो आणि गॅस जास्त जातो. प्रॅक्टिकलचा वेळ आधीच कमी, त्यात पंचवीस मुलं. चांगली काच असेल तर जाळी ही सवय आहे, गरज नाही असं माझं मत.

फुंकणी
@खटपट्या, तुम्ही फ्लास्क *फिरवत* तापवताय, तिथेच उत्तर आहे. जाळीचं काम तुमचा हात करतोय. परीक्षानळी आपण जाळीवर ठेवत नाही, चिमट्यात तिरकी धरून हलवत राहतो, तेही याच कारणाने. पण बीकर तिवईवर ठेवून मुलगा वहीत निरीक्षणं लिहायला वळला की हलवणारं कुणी उरत नाही.

दुसरं म्हणजे ओरखडे. बीकरमध्ये काचेच्या कांडीने ढवळताना कांडीचं टोक बुडावर घासतं, दरवेळी बारीक रेघा पडतात. नवा बीकर थेट ज्योत सोसेलही, पण वर्षभर ढवळलेला तोच बीकर सोसेलच असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तड्यांचं मूळ आतल्या बाजूच्या अशा एखाद्या रेघेत सापडतं. बीकर उजेडाकडे तिरका धरून बूड बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसेल. म्हणून म्हणतो, आजवर फुटला नाही हे उद्याच्या बीकरबद्दल काही सांगत नाही.

खटपट्या
ओरखड्यांचं लक्षात आलं नव्हतं. उद्या आमचे बीकर उजेडाला धरून बघतो. वेळेच्या मुद्द्यावर मात्र ठाम आहे.

तापमापक
वेळेबद्दल खटपट्यांशी सहमत, जाळीने वेळ लागतो. पण अर्धा वेळ आपणच घालवतो. बर्नरचं हवेचं भोक बंद ठेवून पिवळी ज्योत जाळीखाली लावली की जाळीवर काजळी धरते, आणि ज्योतही नीट तापत नाही. भोक उघडून निळी ज्योत करा आणि आतल्या फिक्या निळ्या सुळक्याचं टोक जाळीच्या जरा खाली राहील इतकी तिवई-बर्नरची उंची जमवा. सगळ्यात गरम जागा त्या टोकाच्या थोडी वर असते. सुळका जाळीला टेकवला तर मधोमध न जळलेला गार गॅस जाळीवर आपटतो आणि उष्णता वाया जाते.

उष्मागती
आता मूळ पहिल्या प्रश्नाकडे येतो कारण तो फार भारी प्रश्न आहे आणि अजून त्याला कुणी हात लावलेला नाही.

ती मुलगी बरोबर आहे. पांढरा गोल उष्णता "वाहून" पसरवत नाही, तो ती *अडवतो*. वाहून नेण्याचं काम तारांचं. लोखंड-पोलाद काचेपेक्षा कितीतरी पट चांगलं उष्णतावाहक आहे. पण तारा बारीक आणि मध्ये भोकंच भोकं, म्हणून नुसत्या तारेच्या जाळीवर मधोमध लालभडक ठिपका दिसतो आणि कडा त्या मानाने गारच असतात. ज्योतीचा बराच भाग भोकांतून वर येऊन काचेला चाटतोच.

गोल बसवला की काय होतं? ज्योत वर जाऊ शकत नाही, ती गोलाच्या खालच्या पृष्ठभागावर आपटते आणि गरम वायू आडवे पसरत कडेकडे जातात. म्हणजे पसरवण्याचं काम मुख्यतः *वायू* करतात, गोल त्यांना फक्त भाग पाडतो. मग अख्खा गोल खालून तापतो, ती उष्णता सावकाश वरच्या बाजूला पोचते आणि तिथून बुडाला मिळते. सावकाश आहे हेच महत्त्वाचं. मंदवाहक असल्यामुळेच ज्योत हलली, वाऱ्याने वाकली, कुणी बर्नर सरकवला तरी वरच्या बाजूला धक्का एकदम पोचत नाही.

तेव्हा तिला सांगा, सिरॅमिक मंदवाहक आहे *म्हणूनच* तिथे बसवलंय.

निळी_ज्योत
@उष्मागती, मनापासून आभार, हेच हवं होतं. मी इतकी वर्षं "जाळी पसरवते" म्हणत होते आणि पांढऱ्या गोलाकडे नीट बघितलंच नव्हतं. अडवून पसरवणं. हे तिला फार आवडेल.

सहज_सुचलं
थोडं अवांतर, पण जाळीचाच विषय आहे. तारेच्या जाळीतून ज्योत पलीकडे जात नाही याच गोष्टीवर इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षा दिवा बनवला होता. त्याआधी १८१२ मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं आणि मुलं गेली होती. डेव्हीने ज्योतीभोवती बारीक जाळीची नळी बसवली. खाणीतला मिथेन जाळीतून आत शिरून जळायचा पण तारा उष्णता ओढून घ्यायच्या, त्यामुळे जाळीबाहेरचा वायू पेटण्याइतका तापायचा नाही.

प्रयोगशाळेत दाखवायलाही सोपं आहे. मधे गोल नसलेली साधी जाळी चिमट्याने बर्नरच्या तोंडापासून तीन-चार सेंटिमीटर वर आडवी धरायची, गॅस सोडायचा आणि काडी जाळीच्या *वर* लावायची. ज्योत जाळीच्या वरच जळते, खाली गॅस असूनही खाली उतरत नाही. पहिल्यांदा बघणारं मूल हमखास वाकून जाळीखाली बघतं, तेव्हा चेहरे आधीच लांब ठेवायला सांगा. आणि फार वेळ धरू नका, तारा लाल झाल्या की ज्योत खाली उतरते.

शिकतोय_अजून
वा, हे माहीत नव्हतं. मग एक शंका. जाळी ज्योत अडवते तर जाळीवर ठेवून अल्कोहोल तापवलं तर चालेल का? आम्हाला एका प्रयोगात इथेनॉल कोमट करायचंय.

धुराडं
नाही. अजिबात नाही. @शिकतोय_अजून, हा प्रतिसाद वाचल्याशिवाय प्रयोगाला हात लावू नका.

डेव्हीच्या दिव्यात ज्योत चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीत बंद होती. तुमची जाळी फक्त १५ सेंटिमीटरची एक चौकोनी पाटी आहे, ज्योत तिच्या चारही कडांनी उघडी. इथेनॉलची वाफ हवेपेक्षा जड असते, बीकरच्या काठावरून ओघळते, जाळीच्या कडेवरून खाली उतरते आणि बर्नरपर्यंत पोचते. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे न तापवताही त्याची वाफ पेटू शकते. आणि खुद्द डेव्हीच्या दिव्यांतसुद्धा जाळी गंजली, फाटली किंवा वाऱ्याचा जोर असला की ज्योत बाहेर आली आहे आणि स्फोट झालेत.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. एका प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर एकाने जाळीवर बीकर ठेवून त्यात अल्कोहोल घेतलं, ज्योत अगदी बारीक ठेवली होती, त्याला वाटलं बारीक आहे म्हणजे चालेल. आधी बर्नरभोवती एक निळसर पट्टा लहरला, आवाज काहीच नाही, आणि पुढच्या क्षणी बीकरच्या तोंडाशी ज्योत. दिवसाउजेडी ती ज्योत जवळजवळ दिसत नव्हती, वरची हवा थरथरताना दिसत होती फक्त. त्याने घाबरून बीकर उचलायला हात पुढे केला, तेव्हा मागून एकाने त्याला खेचलं आणि बीकरवर मोठी वॉच ग्लास (काचेची उथळ बशी) सरकवून झाकली. विझलं. बीकर उचलला असता तर पेटतं अल्कोहोल अंगावर सांडलं असतं.

इथेनॉल कोमट करायचंय ना? पाणी दुसरीकडे तापवून आणा, आसपासचे सगळे बर्नर बंद झालेत का बघा, आणि मग त्या गरम पाण्याच्या भांड्यात इथेनॉलची परीक्षानळी उभी करा. नाहीतर इलेक्ट्रिक वॉटर बाथ. ईथरच्या जवळपास तर ज्योत नकोच.

शिकतोय_अजून
बरं झालं विचारलं. गरम पाण्याने करतो. धन्यवाद सर.

सहज_सुचलं
@धुराडं, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. डेव्हीचा किस्सा सांगताना हेही सोबत सांगायला हवं होतं मी.

जुनं_कपाट
धागाकर्तीला एक विचारायचंय. तुमच्या जाळ्या किती जुन्या आहेत? कारण "पांढरा गोल" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. जुन्या जाळ्यांचा गोल ॲस्बेस्टॉसचा असायचा, आणि त्या सहजासहजी मरत नाहीत, कपाटात तळाशी पडून असतात आणि जाळ्या कमी पडल्या की कुणीतरी काढून आणतं.

ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला गट १ मध्ये टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तर संपर्कानंतर २० ते ५० वर्षांनीसुद्धा उमटतो. जाळीचा गोल नवा आणि घट्ट असेल तोवर तंतू फारसे सुटत नाहीत, पण तापून-निवून, घासून, वाकवून तो भुगभुशीत झाला की सुटतात. कडेला पापुद्रे, मध्ये भेगा, हात लावला की पांढरी पूड, असं दिसलं तर ती जाळी वापरू नका.

बुडबुडा
नुसतं बघून ॲस्बेस्टॉस आहे की सिरॅमिक फायबर हे कळतं का?

जुनं_कपाट
नाही कळत. दोन्ही पांढरट-राखाडी, दोन्ही तंतूंचे. खात्री सूक्ष्मदर्शकाखाली प्रशिक्षित माणूसच करतो. तेव्हा जुनी आणि कागदपत्रं नसलेली जाळी ॲस्बेस्टॉसचीच आहे असं धरून चालायचं. गोल खरवडून काढून "साधी जाळी" करण्याचा मोह टाळा, सगळ्यात जास्त तंतू त्यातच उडतात. झाडू मारायचा नाही, फुंकायचं नाही. पाण्याचा हलका फवारा मारून ओली करायची, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद, त्यावर दुसरी पिशवी, वर ठळक लिहायचं, आणि घातक कचऱ्यासाठी जो जबाबदार असेल त्याच्याकडे द्यायचं.

सिरॅमिक फायबरलाही अगदी निर्धास्त मानू नका, त्याच संस्थेने ते गट २ब मध्ये, म्हणजे कर्करोगाची शक्यता असलेल्यांत ठेवलंय. तोही चुरा व्हायला लागला की बदलायचा.

निळी_ज्योत
@जुनं_कपाट, तुमचा प्रतिसाद वाचून आज सकाळी आधी कपाट उघडलं. रोजच्या वापरातल्या जाळ्या नव्या आहेत. पण अगदी खालच्या खणात, गंजलेल्या क्लॅम्पच्या मागे, जुन्या सात जाळ्या निघाल्या. त्यातल्या दोन जाळ्यांचे गोल कडेला उलगडल्यासारखे झाले होते आणि खणाच्या तळाशी राखाडी पूड होती. मी ती पुसायला फडकं उचललं होतं हो, तुमचं आठवलं आणि थांबले. खण तसाच बंद केला, चिठ्ठी लावली, विभागप्रमुखांना कळवलं. ते म्हणाले खण कुणी उघडायचा नाही, रीतसर माणूस बोलावू. मला दिवसभर एकच वाटत होतं, या जाळ्यांवर किती मुलांनी पाणी उकळलं असेल.

मंद_आच
वाचून काटा आला. आमचंही कपाट बघते उद्या, फडकं न घेता.

तापमापक
नव्या जाळ्यांबद्दल एक. जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी असेल तर पहिल्यांदा तापवताना फ्यूम हूडमध्ये (धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटात) तापवा. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं, बर्नरची ज्योत त्याच्या कितीतरी वर जाते. झिंक ऑक्साइडचा धूर श्वासात गेला तर काही तासांनी ताप-थंडी भरते. तारांवर पिवळसर झाक दिसून निवल्यावर ती पांढरी झाली तर ते झिंक ऑक्साइडच, गरम असताना पिवळं आणि गार झाल्यावर पांढरं.

खटपट्या
बीकर उजेडाला धरून बघितले. फुंकणी म्हणाले ते खरं आहे, काहींच्या बुडावर इतक्या रेघा आहेत की काच धुरकट वाटते. ते बाजूला काढले, फक्त मोजायला-ओतायला वापरणार, ज्योतीवर नाही.

पण एक भर घालतो, जाळी *नको* कुठे तेही मुलांना सांगायला हवं. मूस भाजायची असेल तर जाळी काढा आणि मातीच्या नळ्यांचा त्रिकोण ठेवा. मुशीत लालभडक तापमान हवं असतं आणि मध्ये जाळी असली तर ते येतच नाही. एका मुलाने मॅग्नेशियम जाळायच्या प्रयोगात मूस जाळीवर ठेवून वजन घेतलं होतं, फीत अर्धीमुर्धीच जळली आणि आकडे काही केल्या जुळेनात.

फुंकणी
चांगला मुद्दा. आणि जाळी असली तरी ज्योतीवर ठेवू नयेत अशा वस्तू: मेजरिंग सिलिंडर, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, जाड भिंतीचा गाळण्याचा फ्लास्क आणि रसायनांच्या बाटल्या. काच जाड असेल तर आतबाहेर तापमानाचा फरक जास्त पडतो, म्हणजे जाड ती लवकर फुटते. लोकांना नेमकं उलटं वाटतं.

निववतानाही तेच. तापलेला बीकर ओल्या फरशीवर किंवा गार लोखंडावर ठेवला की बाहेरची बाजू एकदम आकसते, आणि बाहेरून आकसणारी काच ताणात येते, जो तिला सोसत नाही. तापताना बचावलेले कितीतरी बीकर निवताना जातात. दुसरी गार, कोरडी जाळी बाजूला ठेवा आणि बीकर तिच्यावर उतरवा.

निळी_ज्योत
आज त्या मुलीच्या बॅचचं प्रॅक्टिकल होतं, तेव्हा हा धागा वर काढतेय.

उत्तर सांगण्याआधी दाखवायचं ठरवलं. दोन सारखे नवे बीकर, दोन्हीत सारखंच पाणी, चिनीमातीचे दोन-दोन तुकडे आधीच टाकलेले म्हणजे उसळी येणार नाही. एक साध्या तारेच्या जाळीवर, दुसरा गोलाच्या जाळीवर. चष्मे सगळ्यांना. ज्योती मुद्दाम लहान ठेवल्या आणि मुलांना म्हटलं, फक्त बुडाकडे बघा, पहिले बुडबुडे कुठून निघतात ते चितारा. साध्या जाळीवर मधोमध एका जागेवरून बुडबुड्यांची दोरी निघाली, बाकीचं बूड गप्प. गोलाच्या जाळीवर वेळ लागला, दोनतीन मुलं तर कंटाळून जांभया द्यायला लागली, आणि मग बुडाच्या बऱ्याच भागावर बारीक बारीक मण्यांसारखे बुडबुडे एकदम दिसायला लागले. ती मुलगी इतकी वाकून बघत होती की दोनदा मागे ओढलं. मग उष्मागतींचं उत्तर सांगितलं, अडवून पसरवणं. तिने वहीत तेच शब्द लिहिले.

पुढची गोष्ट तिनेच पकडली, मला माहीत नव्हती. दोन्ही बर्नर बंद केले तेव्हा साध्या जाळीवरचं उकळणं लगेच थांबलं, गोलावरचं चालूच राहिलं. ती म्हणाली, "मॅडम, गोल अजून देतोय."

उष्मागती
हे निरीक्षण फार छान आहे, कौतुक सांगा तिला. गोलात साठलेली उष्णता ती. म्हणून द्रावण आटवताना तळाशी थोडं पाणी शिल्लक असतानाच ज्योत काढायची, उरलेलं गोलाच्या उष्णतेवर आटतं. पूर्ण कोरडं होईपर्यंत ज्योत ठेवली तर क्षार उडतात आणि पाणी संपलेलं बूड भराभर तापून तडकतं.

निळी_ज्योत
सांगितलं, लाजली. आता तिचा नवा प्रश्न: पहिला बीकर उतरवल्यावर दुसरा गार बीकर त्याच तापलेल्या जाळीवर लगेच ठेवायचा का?

फुंकणी
नाही. चिमट्याने जाळी उतरवून दुसरी गार जाळी ठेवायची, मग बीकर, मग बारीक ज्योत. आणि उतरवलेली जाळी कुठे ठेवली ते शेजारच्याला मोठ्याने सांगायचं, तापलेली जाळी गार जाळीसारखीच दिसते.